१४. उपवास : वाद आणि विवेक

१४.१ प्रस्तावना



‘आज माझा उपास आहे’ हे वाक्य तुम्ही घरात अनेकदा ऐकले असेल. पूर्वी या वाक्यावर ‘कसला?’ असे विचारले, की एकादशी, संकष्टी, सोमवार, शिवरात्र असे काहीतरी उत्तर येई. आता त्यात एका नव्या उत्तराची भर पडली आहे, ते म्हणजे ‘वजनाचा’! कोणी दिवसातून दोनदाच जेवतो, कोणी सोळा तास तोंडात काही घालत नाही, तर कोणी आठवड्यातील दोन दिवस नाममात्र आहारावर काढतो. हे योग्य की अयोग्य, यावर घरात, कचेरीत आणि लग्नाच्या पंगतीतही हिरिरीने वाद होतात.

प्रस्तुत पाठ वैचारिक लेखनाचा नमुना आहे. उपवास करा किंवा करू नका, असा आदेश तो देत नाही. एखाद्या वादाच्या दोन्ही बाजू कशा समजून घ्याव्यात, पुरावा कसा तोलावा आणि शेवटी आपल्यापुरता निर्णय कसा घ्यावा, हे या विषयाच्या निमित्ताने आपण पाहणार आहोत.

१४.२ उद्दिष्टे

या पाठाच्या अभ्यासानंतर तुम्हांला पुढील गोष्टी करता येतील :

• उपवास, लंघन, मिताहार आणि उपासमार या शब्दांतील अर्थभेद सांगता येईल.
• एखाद्या वादातील दोन्ही पक्षांचे म्हणणे आपल्या शब्दांत मांडता येईल.
• वैयक्तिक अनुभव आणि तुलनात्मक प्रयोग यांतील फरक स्पष्ट करता येईल.
• सर्वसाधारण विधान आणि व्यक्तीसापेक्ष निर्णय यांत भेद करता येईल.
• वैचारिक लेखनातील जोडशब्दांचा योग्य वापर करता येईल.

१४.३ मूळ पाठ

(अ) एका घरातील सकाळ

लखनौ शहराची ओळख खाद्यपदार्थांवाचून पुरी होत नाही. चौकातील कबाब आणि शीरमाल, हिवाळ्यातील मक्खन-मलाई आणि उन्हाळा सरत असताना मलिहाबादहून येणारे दशहरी आंबे यांचे कौतुक दूरवर ऐकू येते. परंतु याच शहरातील बडा इमामबाडा भुकेची आठवण जपून आहे. १७८४ च्या सुमारास अवध प्रांतात भीषण दुष्काळ पडला असता, लोकांच्या हाताला काम आणि पोटाला अन्न मिळावे म्हणून नवाब आसफउद्दौला याने ही वास्तू बांधण्यास घेतली. लादलेली भूक आणि स्वेच्छेने स्वीकारलेली भूक यांत केवढे अंतर असते, हे या शहराला पुरेपूर ठाऊक आहे.

लखनौत मराठी माणसेही राहत आली आहेत. पंडित विष्णु नारायण भातखंडे यांच्या प्रयत्नांतून १९२६ मध्ये येथे संगीत महाविद्यालय सुरू झाले आणि मुंबईचे श्रीकृष्ण रातंजनकर यांनी पुढे दीर्घकाळ त्याचे प्राचार्यपद सांभाळले. या शहरात स्थायिक झालेल्या अशाच एका मराठी कुटुंबाची आपण कल्पना करू. दिवस आषाढी एकादशीचा आहे.

आजींनी पहाटेच साबुदाणा भिजवून ठेवला आहे. बाबांनी गेल्या वर्षापासून दोनच वेळा जेवण्याचा नियम धरला आहे, त्यामुळे ते सकाळी फक्त पाणी पिऊन वर्तमानपत्र वाचत बसले आहेत. सतरा वर्षांची नात मात्र टेबलाशी डोके धरून बसली आहे.

“अगं, काय झालं तुला? चेहरा किती उतरलाय!” आजी विचारतात.

“काही नाही गं आजी. जरा गरगरतंय. काल माझा पाचशे कॅलरीचा दिवस होता.”

“पाचशेचा दिवस म्हणजे?”

“आठवड्यातून दोन दिवस अगदी थोडं खायचं. दिवाळीनंतर मामाच्या मुलीचं लग्न आहे ना, तोवर सहा किलो कमी करायचेत. तूही उपास करतेसच की!”

“मी विठ्ठलाचा करते. तू कोणाचा करतेस?”

बाबा वर्तमानपत्र बाजूला ठेवून म्हणतात, “आई, तुझ्या उपासात खिचडी, रताळी, बटाट्याचा कीस, वर दोन आंबे! त्याला उपास म्हणायचं का? माझं बघ, दोनच जेवणं, आणि वजन आठ किलो उतरलं.”

“तुझं पोट सुटलं होतं, बाबा. या पोरीच्या अंगावर उतरवायला आहे काय?”

आजींचा हा प्रश्न घरगुती वाटतो. परंतु साऱ्या वादाचे मर्म त्याच्यातच आहे. एकाच घरात तीन उपवास चालू आहेत. त्यांचे हेतू वेगळे आहेत, रीती वेगळ्या आहेत आणि विशेष म्हणजे ते करणारी शरीरे वेगळी आहेत.

(आ) जुना शब्द, जुना विवेक

‘उपवास’ हा शब्द ‘उप’ म्हणजे जवळ आणि ‘वास’ म्हणजे राहणे यांपासून झाला आहे. ईश्वराच्या सान्निध्यात राहणे, हा त्याचा परंपरेने सांगितलेला अर्थ. त्यात अन्नत्याग हे साधन असते, साध्य नव्हे. आयुर्वेदात मात्र ‘लंघन’ असा स्वतंत्र शब्द आहे. शरीरात हलकेपणा आणणारी प्रत्येक गोष्ट म्हणजे लंघन. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात या विषयावर एक पूर्ण अध्याय आहे. तेथे लंघनाचे दहा प्रकार सांगितले असून उपवास हा त्यांपैकी केवळ एक आहे. व्यायाम हा दुसरा. त्याच अध्यायात लंघनाच्या शेजारी ‘बृंहण’ म्हणजे शरीराचे पोषण करणारा उपचारही सांगितला आहे. स्थूल माणसाला लंघन हितकर आणि कृश माणसाला बृंहण हितकर, असा तो विचार आहे. म्हणजे ‘उपवास चांगला की वाईट?’ या प्रश्नाला ‘कोणासाठी?’ हा प्रतिप्रश्न आपल्या परंपरेने फार पूर्वीच विचारून ठेवला आहे.

धार्मिक उपवासांतही हा विवेक दिसतो. लखनौमध्ये रमजानच्या महिन्यात असंख्य लोक सूर्योदयापूर्वीच्या सहरीपासून सूर्यास्तानंतरच्या इफ्तारपर्यंत अन्नपाणी वर्ज्य करतात. परंतु आजारी माणूस, प्रवासी, गर्भवती यांना रोजातून सूट आहे. हिंदू घरांतही लहान मुले, बाळंतीण आणि रुग्ण यांच्यावर उपवासाची सक्ती केली जात नाही.

मात्र उपवासाचे पदार्थ आणि वजन यांचा मेळ बसतोच असे नाही. कोरड्या साबुदाण्याच्या १०० ग्रॅममध्ये सुमारे ३५० किलोकॅलरी ऊर्जा असते आणि ती जवळजवळ सगळी पिष्टातून येते. शेंगदाण्याच्या तेवढ्याच वजनात ५५० हून अधिक किलोकॅलरी असतात. त्यात तूप आणि बटाटा यांची भर पडली, की खिचडीची एक बशी साध्या जेवणाला सहज मागे टाकते. ‘एकादशी आणि दुप्पट खाशी’ ही म्हण उगाच रूढ झालेली नाही. गंमत अशी, की आपण ज्याला परंपरागत फराळ समजतो त्यातील साबुदाण्याचा कंद, बटाटा, शेंगदाणा आणि मिरची हे चारही मूळचे अमेरिका खंडातील. युरोपीय व्यापाऱ्यांमार्फत ते गेल्या काही शतकांतच आपल्याकडे आले. लखनौमधील शेजारणी नवरात्रात कुट्टूचे आणि शिंगाड्याचे पीठ वापरतात. उपवासाची रीत स्थळकाळानुसार बदलत आली आहे, हेच यावरून दिसते.

पाठगत प्रश्न १४.१

१. लंघन आणि बृंहण यांत कोणता फरक आहे?
२. ‘त्यात अन्नत्याग हे साधन असते, साध्य नव्हे’ या वाक्याचा अर्थ सांगा.
३. रोजातून कोणाला सूट असते?

(इ) महाराष्ट्रातील वाद

आता बाबांच्या नियमाकडे वळू. दोनदाच जेवण्याचा विचार मराठी समाजात नव्याने रुजवला तो नागपूरचे डॉ. श्रीकांत जिचकार यांनी. अनेक पदव्या मिळवणारे विद्वान आणि लोकप्रतिनिधी म्हणून ते प्रसिद्ध होते. २००४ मध्ये त्यांचे अपघाती निधन झाले. परंतु आहारावरील त्यांचे विचार मागे राहिले. त्या विचारांनी प्रेरित होऊन लातूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात अध्यापन करणारे डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी प्रथम स्वतःवर प्रयोग केला आणि मग व्याख्यानांतून व ‘विनासायास वेटलॉस व मधुमेह प्रतिबंध’ या पुस्तकातून त्याचा प्रसार केला. २०१८ च्या सुमारास ‘दीक्षित आहार’ हा शब्द महाराष्ट्रात घरोघरी पोहोचला.

त्यांचे म्हणणे थोडक्यात असे : आपण काहीही खाल्ले, की शरीरात इन्सुलिन हे संप्रेरक स्रवते. ते रक्तातील साखर पेशींत पोहोचवते; पण त्याबरोबरच चरबी साठवण्यास मदत करते आणि साठलेली चरबी वितळू देत नाही. दिवसभर थोडेथोडे खात राहिल्यास इन्सुलिनची पातळी खाली येण्यास अवसरच मिळत नाही. म्हणून आपल्याला कडकडून भूक लागते अशा दोन वेळा ओळखाव्यात, फक्त तेव्हाच जेवावे आणि प्रत्येक जेवण ५५ मिनिटांच्या आत संपवावे. मधल्या वेळी पाणी, पातळ ताक, बिनसाखरेचा चहा यांवर भागवावे. रोज ४५ मिनिटे चालावे. आरंभ करण्यापूर्वी रक्ताची तपासणी करून घ्यावी. अठरा वर्षांखालील मुलांसाठी आणि गर्भवती स्त्रियांसाठी हा मार्ग नाही.

याच काळात मुंबईच्या आहारतज्ज्ञ ऋजुता दिवेकर यांचे विचारही लोकप्रिय होते. त्यांचा भर वेगळ्या गोष्टींवर आहे. आपल्या प्रांतात पिकणारे, हंगामातील, आजीच्या स्वयंपाकघरातील अन्न खावे. भात, तूप, शेंगदाणे यांना घाबरू नये. फार काळ उपाशी न राहता ठरावीक अंतराने माफक खावे. वजनाचा काटा हा आरोग्याचा एकमेव निकष मानू नये, असे त्या सांगतात.

झाले! ‘दीक्षित की दिवेकर?’ असा सामना घराघरांत रंगला. दोन्हींकडच्या अनुयायांनी आपापले अनुभव हिरिरीने मांडले. एका गोष्टीकडे मात्र फारसे कोणी पाहिले नाही. दोघांच्याही सल्ल्यात बरेच साम्य आहे. येताजाता बिस्किटे, फरसाण व गोड चहा नको, घरचे अन्न हवे, शरीराला रोज हालचाल हवी आणि भूक ओळखून जेवावे, हे दोघेही सांगतात. वेळापत्रकावर वाद झाला; परंतु बऱ्याच लोकांना लाभ झाला असेल तो या समान भागामुळे.

(ई) अनुभव आणि पुरावा

‘माझे आठ किलो कमी झाले’ हे बाबांचे विधान खरे आहे. पण त्यावरून ‘दोन जेवणांमुळेच कमी झाले’ असे सिद्ध होते का? त्यांनी याच काळात चालणे सुरू केले, संध्याकाळचे समोसे सोडले, चहातील साखर बंद केली. यांपैकी कशाचा किती वाटा, हे एका माणसाच्या अनुभवावरून कळत नाही. त्यासाठी तुलना करावी लागते. सारख्या लोकांचे दोन गट करायचे, एकाला एक पद्धत द्यायची, दुसऱ्याला दुसरी, आणि ठरावीक काळानंतर दोन्हींचे मोजमाप करायचे, ही शास्त्राची रीत.

असे प्रयोग झाले आहेत. २०१७ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात १०० लठ्ठ व्यक्तींना वर्षभर पाहिले गेले. एका गटाने एक दिवसाआड गरजेच्या केवळ चतुर्थांश ऊर्जा घेतली, दुसऱ्याने रोजच थोडे कमी खाल्ले, तर तिसऱ्याने काही बदल केला नाही. तिसऱ्या गटाच्या तुलनेत पहिल्या गटाचे वजन सुमारे ६ टक्के आणि दुसऱ्याचे सुमारे ५.३ टक्के घटले. म्हणजे दोन्ही पद्धती जवळपास सारख्याच ठरल्या. मात्र एक दिवसाआड उपवास करणाऱ्यांपैकी ३८ टक्के लोकांनी प्रयोग अर्ध्यावर सोडला. रोज थोडे कमी खाणाऱ्यांत हे प्रमाण २९ टक्के होते.

२०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या प्रयोगात दिवसातील आठच तास खाणाऱ्यांचे वजन बारा आठवड्यांत सरासरी एक किलोपेक्षाही कमी घटले. नेहमीप्रमाणे तीन वेळा खाणाऱ्यांपेक्षा त्यात उल्लेखनीय फरक नव्हता. २०२२ मध्ये चीनमधील ग्वांगझू येथील १३९ व्यक्तींवरील वर्षभराच्या प्रयोगात दोन्ही गटांना कमी आहार दिला होता; एका गटाने तो आठ तासांत घ्यायचा होता. त्या गटाचे वजन सरासरी ८ किलो आणि दुसऱ्याचे ६.३ किलो घटले; परंतु हा फरक योगायोगाचा नाही, असे संख्याशास्त्राच्या कसोटीवर म्हणता आले नाही.

यावरून काय निष्पन्न होते? उपवासाने वजन घटते, हे खरे. ते घटते मुख्यतः एकूण खाणे कमी झाल्यामुळे. जेवणाच्या वेळा आखून घेतल्याने काहींना कमी खाणे सोपे जाते. काहींना ते अवघड जाते. ज्याला जे निभेल ते त्याचे साधन. त्यात चमत्कार नाही, तशी फसवणूकही नाही.

पाठगत प्रश्न १४.२

१. डॉ. दीक्षित यांच्या मते दिवसभर थोडेथोडे खाल्ल्याने काय होते?
२. दोन्ही विचारांतील समान मुद्दे लिहा.
३. एका व्यक्तीच्या अनुभवावरून निष्कर्ष का काढता येत नाही?

(उ) पाचशे कॅलरीचा दिवस

आता नातीच्या उपवासाचा हिशेब मांडू. आठवड्यातील पाच दिवस नेहमीचा आहार आणि दोन दिवस अत्यल्प आहार, ही पद्धत इंग्लंडमधील मायकेल मोस्ली या डॉक्टर-पत्रकाराने २०१२ मध्ये एका दूरचित्रवाणी कार्यक्रमातून लोकप्रिय केली. अत्यल्प आहाराच्या दिवशी स्त्रियांनी सुमारे ५०० आणि पुरुषांनी ६०० किलोकॅलरी घ्याव्यात, असा तो नियम. दोन पोळ्या, वाटीभर वरण, थोडी भाजी आणि पेलाभर ताक एवढ्यातच ५०० चा आकडा गाठला जातो. दिवसभराचे अन्न एवढेच.

बैठे काम करणाऱ्या प्रौढ भारतीय स्त्रीची गरज रोज सुमारे १६६० किलोकॅलरी धरली जाते. आठवड्याची गरज झाली ११,६२०. दोन दिवस ५०० वर काढल्यास एकूण होतात ९,३००. बचत २,३२० ची, म्हणजे दिवसाला सुमारे ३३०. एक किलो चरबीत साधारण ७,७०० किलोकॅलरी साठलेल्या असतात. तेव्हा आठवड्याला चरबी घटेल ती फार तर ३०० ग्रॅम. रोजची एक पोळी, दोन चमचे तेल आणि दोन वेळच्या चहातील साखर व बिस्किटे कमी केली, तरी बचत जवळजवळ तेवढीच होते. डोके धरून बसावे लागत नाही.

“पण पहिल्याच आठवड्यात माझे दीड किलो कमी झाले!” असे नात म्हणेल. ते दीड किलो मुख्यतः पाण्याचे. यकृत आणि स्नायू यांत ग्लायकोजेन नावाचा पिष्टाचा साठा असतो आणि तो आपल्याबरोबर कितीतरी पाणी धरून ठेवतो. उपवासात प्रथम हा साठा वापरला जातो, पाणी बाहेर पडते आणि काटा खाली येतो. दोन दिवस नीट जेवल्यावर तो पुन्हा वर जातो. मग माणूस निराश होतो आणि अधिकच कडक उपवास करतो. येथेच धोका असतो.

अत्यल्प आहाराचा वैद्यकात उपयोग नाही, असे मात्र नाही. ब्रिटनमधील एका मोठ्या प्रयोगात दुसऱ्या प्रकारचा मधुमेह असलेल्या व्यक्तींना तीन ते पाच महिने रोज सुमारे ८२५ ते ८५३ किलोकॅलरीचा खास तयार केलेला आहार देण्यात आला. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार वर्षाअखेर त्यांच्यातील ४६ टक्के लोकांचा मधुमेह औषधांवाचून आटोक्यात आला होता. नेहमीचे उपचार घेणाऱ्या गटात हे प्रमाण ४ टक्के होते. परंतु ही माणसे प्रौढ होती, त्यांचे वजन अधिक होते, त्या आहारात जीवनसत्त्वे व प्रथिने मोजून घातलेली होती आणि प्रशिक्षित परिचारिका व आहारतज्ज्ञ त्यांच्यावर लक्ष ठेवून होते.

देखरेखीवाचून केलेल्या अशा उपवासांनी अनर्थही घडवले आहेत. फार झपाट्याने वजन घटल्यास पित्ताशयात खडे होण्याची शक्यता वाढते. चरबीबरोबर स्नायूही झिजतात. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या घेणाऱ्या माणसाने जेवण चुकवले, तर रक्तातील साखर एकाएकी घसरून त्याची शुद्ध हरपू शकते. १९४४-४५ मध्ये अमेरिकेतील मिनेसोटा येथे ३६ निरोगी तरुणांना सहा महिने अर्धपोटी ठेवून पाहण्यात आले. ते कृश झाले हे तर अपेक्षितच होते. पण ते चिडचिडे, उदास आणि एकलकोंडे झाले, आणि रात्रंदिवस अन्नाचाच विचार करू लागले. भूक केवळ पोटात राहत नाही. ती मनाचाही ताबा घेते.

(ऊ) कोणाचा उपवास?

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९-२१ मध्ये, १५ ते ४९ वयोगटातील भारतीय स्त्रियांपैकी २४ टक्के स्त्रिया अतिवजनाच्या आढळल्या. त्याच सर्वेक्षणात १८.७ टक्के स्त्रिया प्रमाणापेक्षा कृश होत्या आणि ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय होता. एकाच देशात, एकाच गल्लीत, कधीकधी एकाच घरात लंघनाची गरज असलेले आणि बृंहणाची गरज असलेले देह शेजारी शेजारी राहतात. म्हणून सर्वांना एकच सल्ला देणारा माणूस कितीही तळमळीने बोलत असला, तरी त्याचे म्हणणे अपुरे ठरते.

पुन्हा आपल्या कुटुंबाकडे येऊ. बाबांचे वय पन्नाशीचे, वजन अधिक, पोटाचा घेर मोठा. त्यांनी डॉक्टरांना विचारून आणि तपासण्या करून दोन जेवणांचा नियम धरला आहे. तो त्यांना मानवतो आहे. त्यांनी तो चालू ठेवावा. फक्त आपला नियम सर्वांवर लादू नये. आजींना मधुमेहाच्या गोळ्या चालू आहेत. त्यांनी एकादशी जरूर करावी. पण त्या दिवशी गोळ्यांचे काय करायचे ते डॉक्टरांना आधी विचारावे आणि खिचडीची बशी लहान करून ताक, भाजलेले शेंगदाणे व काकडी यांचा आधार घ्यावा. आंबा एकच फोड!

आणि नात? तिचे शरीर अजून वाढीला लागलेले आहे. तिची ऊर्जेची गरज तिच्या आजीपेक्षा आणि आईपेक्षाही अधिक आहे. तिची उंची आणि वजन यांचा मेळ घातला तर तिला वजन घटवण्याची आवश्यकताच नाही. तिला खुपते आहे ते वजन नव्हे; लग्नात चार लोक काय म्हणतील, हे भय आहे. त्या भयावर उपवास हे औषध नाही. तिच्याशी बोलायला हवे आहे.

आजींनी नेमके तेच केले. त्या नातीजवळ बसल्या आणि म्हणाल्या, “हे बघ बाळ, माझ्या लहानपणी दुष्काळात उपाशी राहिलेली माणसं मी पाहिली आहेत. त्यांना कोणी विचारलं नव्हतं. तुला निवडता येतंय. मग निवडताना स्वतःवर राग धरून निवडू नकोस.”

नातीने काही उत्तर दिले नाही. पण आजींनी पुढे केलेली बशी मात्र तिने घेतली.

१४.४ शब्दार्थ

हिरिरीने – आवेशाने, चुरशीने
सान्निध्य – जवळीक, सोबत
पिष्ट – धान्य व कंद यांतील पिठूळ अन्नद्रव्य
संप्रेरक – शरीरातील ग्रंथींतून रक्तात मिसळणारा कार्यप्रेरक स्राव
अवसर – संधी, उसंत
निष्पन्न होणे – निघणे, सिद्ध होणे
अनर्थ – मोठे नुकसान, संकट
कृश – बारीक, हडकुळा
रक्तक्षय – रक्तातील लाल द्रव्याची कमतरता

१४.५ भाषा-अभ्यास

(१) शब्दांचे कूळ. ‘लंघ्’ या संस्कृत धातूचा अर्थ ओलांडणे. जेवणाची वेळ ओलांडणे ते ‘लंघन’ आणि नियम ओलांडणे ते ‘उल्लंघन’. ‘उपवास’ हा तत्सम शब्द, तर ‘उपास’ हा त्याचा बोलीतील तद्भव. ‘फलाहार’ या शब्दाचे ‘फराळ’ झाले आणि पुढे त्यातील फळ मागे पडून दिवाळीच्या चकल्या-लाडूंनाही आपण फराळ म्हणू लागलो. ‘उपासमार’ या शब्दातील ‘मार’ लक्षात घ्या : उपवास माणूस करतो, उपासमार त्याची होते.

(२) वादाचे प्रकार. न्यायशास्त्रात चर्चेचे तीन प्रकार मानले आहेत. सत्य शोधण्यासाठी केलेली चर्चा म्हणजे ‘वाद’. केवळ जिंकण्यासाठी केलेली म्हणजे ‘जल्प’. आणि स्वतःचे काहीही न मांडता समोरच्याचे खोडून काढत राहणे म्हणजे ‘वितंडा’. ‘वितंडवाद’ हा मराठीतील शब्द यावरूनच आला.

(३) जोडशब्द. वैचारिक लेखनात विचारांचे दुवे स्पष्ट असावे लागतात. विरोध दाखवण्यासाठी ‘परंतु, मात्र, तथापि’. निष्कर्षासाठी ‘म्हणून, तेव्हा, यावरून’. मर्यादा दाखवण्यासाठी ‘फार तर, मुख्यतः, जवळपास’ असे शब्द येतात. या पाठातील असे पाच जोडशब्द शोधून अधोरेखित करा.

१४.६ आपण काय शिकलो?

• उपवासाची योग्यता ती करणाऱ्याच्या वयावर, प्रकृतीवर आणि हेतूवर अवलंबून असते.
• वजन घटते ते मुख्यतः एकूण आहार कमी झाल्यामुळे. वेळापत्रक हे त्याचे एक साधन आहे.
• अत्यल्प आहार हा वैद्यकीय देखरेखीचा विषय आहे. वाढत्या वयातील मुलेमुली, गर्भवती व स्तनदा माता आणि मधुमेहाची औषधे घेणारे यांनी तो आपल्या मनाने करू नये.
• एका व्यक्तीचा अनुभव खरा असला, तरी सर्वांसाठी तो पुरावा ठरत नाही.

१४.७ स्वाध्याय

१. ‘एकाच घरात तीन उपवास चालू आहेत’ या विधानाचे सात-आठ वाक्यांत स्पष्टीकरण करा.
२. ‘दोन वेळा जेवावे’ आणि ‘ठरावीक अंतराने माफक खावे’ या दोन्ही बाजूंचे म्हणणे, आपले मत न मिसळता, प्रत्येकी पाच वाक्यांत लिहा.
३. पाचशे कॅलरीच्या दिवसाचा पाठातील हिशेब तुमच्या मैत्रिणीला पत्रातून समजावून सांगा.
४. आजींच्या शेवटच्या बोलण्यातून त्यांच्या स्वभावाचे कोणते पैलू दिसतात?
५. उपक्रम : तुमच्या घरातील किंवा शेजारच्या दोन वेगवेगळ्या धर्मांच्या अथवा प्रांतांच्या कुटुंबांत उपवासाला काय चालते व काय चालत नाही, त्याची यादी करा आणि त्यामागील कारणे विचारा.

१४.८ पाठगत प्रश्नांची उत्तरे

१४.१ : (१) लंघन शरीरात हलकेपणा आणते, बृंहण शरीराचे पोषण करते. (२) न खाणे हा उपवासाचा अंतिम हेतू नसून ईश्वराच्या सान्निध्याचा तो एक मार्ग आहे. (३) आजारी माणूस, प्रवासी आणि गर्भवती.

१४.२ : (१) इन्सुलिनची पातळी खाली येत नाही आणि साठलेली चरबी वितळत नाही. (२) येताजाता खाणे टाळणे, घरचे अन्न, रोजची हालचाल, भूक ओळखणे. (३) त्या काळात झालेल्या इतर बदलांचा वाटा किती, हे तुलनेवाचून कळत नाही.